धाव, साखळी आणि अठरा इंची हौस

जुलैमधली गुंगालिनची सकाळ कशी असते, हे तुम्हाला सांगायला नको. गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा, तो खरवडायला हातात जुनं बँकेचं कार्ड आणि मागच्या सीटवर शाळेला उशीर झालेली मुलं. आपल्याकडे हिम क्वचितच पडतं, पण पारा शून्याखाली सहज जातो. कॅनबेराच्या विमानतळावर ११ जुलै १९७१ रोजी उणे १० अंशांची नोंद झाली होती. त्यामुळे गाडी आणि थंडी हा विषय आपल्याला कळतो, असा माझा समज होता.

तो समज कूमाला उतरला. आई-बाबा नाशिकहून आले होते, त्यांना हिम दाखवायला पेरिशरला निघालो होतो. त्याआधी दोन महिने घरच्या सेडानला मी हौसेनं अठरा इंची अलॉय व्हील्स बसवून घेतली होती. कूमाच्या दुकानात साखळ्या भाड्यानं घ्यायला थांबलो. दुकानदारानं पुढच्या चाकामागे बोटं घालून पाहिली आणि मान हलवली. साखळी बसायला जागाच नव्हती.

आता हिशेब ऐका. गाडीचे मूळ टायर २०५/६५ आर १५ होते. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रिमबाहेर दिसणाऱ्या रबराच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. म्हणजे माझी भिंत होती १३३ मिलिमीटर. नवे टायर २२५/४५ आर १८, भिंत १०१. बाहेरचा घेर जवळपास तोच राहिला, म्हणून स्पीडोमीटरही फारसा चुकला नाही आणि मी खूश होतो. पण चाक आतल्या बाजूला सस्पेन्शनच्या नळीजवळ सरकलं होतं. तिथे लोखंडी कड्या फिरल्या असत्या तर काय फाटलं असतं, ते घाटात कळलं असतं. एम.बी.ए.ला आम्हाला जोखीम मोजायला शिकवतात. चाकामागे बोटं घालायला कोणी शिकवलं नाही.

बाबा गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "अरे, धाव बसवताना आधी माप घेतात." त्यांच्या लहानपणी सिन्नर तालुक्यातल्या गावात लोहार बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायचा. धाव चाकापेक्षा जराशी लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल तापवायची, फुगली की चाकावर ठोकायची आणि वरून पाणी ओतायचं. आकसताना ती आरे आणि तुंबा असे काही आवळून धरायची की लाकूड करकरायचं. माप चुकलं तर धाव सैल तरी राहणार किंवा चाक तरी मोडणार.

लोखंडी धाव टिकाऊ होती, पण दणके सगळे बसणाऱ्याला. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानं मुलाच्या तिचाकी सायकलला हवेचे रबरी टायर लावले. (तशाच कल्पनेचं पेटंट रॉबर्ट थॉमसननं चाळीसेक वर्षं आधी घेतलं होतं, पण ते विस्मरणात गेलं.) दणके गेले. चिखलात आणि हिमात मात्र गुळगुळीत रबर जागच्या जागी फिरायचं. लोक चाकाला दोर गुंडाळत. ते पाहून अमेरिकेतल्या हॅरी वीडनं साखळ्या केल्या आणि १९०४ मध्ये पेटंट मिळवलं. लोखंड परत आलं, रबराच्या वर.

रबरालाच हिमात चालायला शिकवलं ते फिनलंडनं. आज नोकियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनं १९३४ मध्ये ट्रकसाठी केलिरेंगास हा टायर काढला. त्याच्यावरचे आडवे जाड पट्टे हिमात रुतून गाडी पुढे रेटत. १९३६ मध्ये मोटारींसाठी लुमी-हाक्कापेलिट्टा आला. आजच्या हिवाळी टायरमध्ये खरी करामत नक्षीइतकीच रबराच्या मिश्रणात असते. साधा उन्हाळी टायर साधारण सात अंशांखाली कडक होऊ लागतो, हा मऊ राहतो. आपल्याकडचे हिवाळ्यातले कितीतरी दिवस सातखालीच सुरू होतात, हे लक्षात घ्या.

आणि माझी हौस? तिचाही इतिहास आहे. १९२४ मध्ये बुगाटीची टाइप ३५ ही शर्यतीची गाडी अॅल्युमिनियमच्या ओतीव चाकांवर धावली. चाक हलकं करणं हा तिथे वेगाचा प्रश्न होता. माझ्या बाबतीत शेजाऱ्यांचा होता.

न्यू साउथ वेल्सचा नियम मात्र चाकाच्या दिसण्याकडे पाहत नाही. १ जून ते १० ऑक्टोबर या काळात कोझिअस्को राष्ट्रीय उद्यानात दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीला साखळ्या जवळ बाळगाव्याच लागतात. हिवाळी टायर असले तरी सुटका नाही. आम्ही बुलॉक्स फ्लॅटपर्यंत गेलो, तिथवर साखळ्यांची सक्ती नाही, आणि पुढे स्कीट्यूबच्या रेल्वेनं बोगद्यातून वर पेरिशरला. आईनं हिमाचा गोळा उचलला आणि पहिला मलाच मारला.

जुनी पंधरा इंची पोलादी चाकं सुदैवानं गॅरेजात होती. मे संपला की तीच चढवतो, साखळ्याही त्याच मापाच्या घेतल्यात. तुम्ही नवी चाकं घ्यायला निघाला असाल तर आधी ड्रायव्हरच्या दाराजवळचा टायरचा तक्ता वाचा, गाडीच्या पुस्तकात साखळ्यांचं पान शोधा आणि एकदा गाडीशिवाय, घराच्या अंगणात, साखळी हातात घेऊन बसवायचा सराव कशी असते ते बघा, मग गाडीवर. हिमात बोटं बधिर होतात. आणि चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनी नट पुन्हा आवळून घ्या. बाबा फोनवर तेवढंच विचारतात.