आद्य स्त्री-व्यक्तिचित्रकार, मुंबईतील

सर ज. जी. कलाशाळेच्या (स्थापना १८५७) वास्तवदर्शी परंपरेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुढे आलेल्या चित्रकर्ती. अंबिका धुरंधर (१९१२–२००९) व अँजेला त्रिंदाद (१९०९–८०) ही त्यांतील प्रमुख नावे. दोघींचेही वडील नामवंत चित्रकार होते.

व्यक्तिचित्राला समोर बसणारे माणूस लागते, आणि परक्या माणसाकडे तासन् तास निरखून पाहण्याची मोकळीक त्या काळच्या मुलीला सहजी मिळत नसे. चित्रकाराच्या घरात ही अडचण बरीचशी सुटे. रंग, कुंचले हाताशी असत आणि घरचीच माणसे बैठक देत. अमेरिकेतही याहून फारसे वेगळे नव्हते. हस्तिदंताच्या पातळ चकतीवर जलरंगात लघुव्यक्तिचित्रे काढणारी ॲना क्लेपूल पील (१७९१–१८७८) ही चित्रकार जेम्स पील यांची मुलगी. तिला आणि तिची धाकटी बहीण सेरा मिरियम हिला १८२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया कला अकादमीचे सदस्यत्व मिळाले. याला अपवाद सेरा गुडरिज (१७८८–१८५३) हिचा. ती बव्हंशी स्वतःच शिकली. पुढे गिल्बर्ट स्टुअर्ट यांचे मार्गदर्शन तिला लाभले आणि लघुचित्रांच्या कमाईवर तिने घर चालवले.

अंबिकाबाईंचे वडील म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) मूळचे कोल्हापूरचे; कलाशाळेच्या संचालकपदापर्यंत पोचलेले ते पहिले भारतीय. अंबिकाबाईंनी १९३१ मध्ये तेथूनच पदविका घेतली. शिवराज्याभिषेकासारखे भव्य विषयही त्यांनी हाताळले. वडिलांच्या चित्रांचा मोठा ठेवा त्यांनी जपला, मात्र या जपणुकीच्या कौतुकात त्यांची स्वतःची चित्रकला मागे पडली. ‘माझी स्मरणचित्रे’ हे त्यांचे आत्मकथन त्या काळच्या कलाजगतात वाढलेल्या मुलीच्या नजरेतून लिहिलेले असल्याने विशेष मोलाचे आहे.

अँजेला यांचे वडील आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) मूळचे गोव्याचे. पत्नीच्या ‘फ्लोरा’ या व्यक्तिचित्रासाठी त्यांना १९२० मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले होते. अँजेला यांची सुरुवातीची व्यक्तिचित्रे याच वळणाची आहेत. पुढे त्यांनी ख्रिस्ती विषय भारतीय रूपात रंगवले. त्यांची मेरी साडी नेसते. उत्तरकाळात त्या त्रिकोणावर आधारलेल्या अमूर्त रचनांकडे वळल्या. पितापुत्रीची चित्रे पणजीच्या फुंदासाव ओरियेंत या संस्थेत आहेत.