लिएजची मुद्रा

जुन्या रिव्हॉल्वरवर लंबवर्तुळांत ई, एल, जी हीं रोमन अक्षरें दिसलीं कीं पुष्कळजण तीं कर्त्याचीं समजतात. हा भ्रम होय. ती बेल्जममधील लिएज शहराच्या परीक्षागृहाची मुद्रा. हत्यार दारूच्या कसोटीस उतरलें, एवढेंच ती सांगते. वर मुकुट असल्यास परीक्षा १८९३ किंवा त्यानंतरची.

चक्राच्या मागील कडेस खांचा असल्या, तर तें खिळ्याच्या काडतुसाचें. काडतुसाच्या कुशींतून निघालेला खिळा खांचेंत बसतो. घोडा वरून त्यावर आदळतो, खिळा आंतील टोपी फोडतो आणि बार उडतो. ही युक्ति फ्रेंच लफोशेची. लिएजनें तिच्या नकला मात्र अमाप केल्या.

मग कर्ता कोण? नांव पुष्कळदां नसतेंच. नळी एका घरीं, चाप दुसऱ्या घरीं घडे. व्यापारी ते भाग जुळवून विकी.