तीन आवाजांतली फौज

‘कमांडो’ हा मुळात नाणे टाकून खेळायचा आर्केड गेम. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९८५ साली आणला. आखणी तोकुरो फुजिवारा यांची, संगीत तामायो कावामोतो यांचे. हेलिकॉप्टरमधून उतरलेला सुपर जो एकटाच शत्रूच्या मुलखात घुसतो. मशिनगनच्या गोळ्या कधी संपत नाहीत, हातबॉम्ब मात्र मोजकेच. टप्प्याच्या शेवटी फाटक उघडते आणि आतून सैनिकांची झुंबड बाहेर पडते. कथानक म्हणावे असे यात काही नाही आणि त्यावाचून कुणाचे अडलेही नाही.

घरगुती संगणकांवर हा खेळ आणण्याचे हक्क ब्रिटनमधल्या एलिट सिस्टम्सने घेतले. त्याच वर्षीच्या नाताळाआधी कमोडोर ६४ वरची आवृत्ती दुकानांत यायची होती. तिचे प्रोग्रॅमिंग ख्रिस बटलर यांनी केले, संगीत रॉब हबर्ड यांच्याकडे आले. हबर्ड हे हल शहरातले व्यावसायिक वादक. प्रोग्रॅमिंग ते स्वतःच शिकले होते. त्यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी: ते रात्री उशिरा एलिटच्या कार्यालयात गेले, मूळ खेळाचे संगीत एकदाच ऐकले आणि रात्रभर बसून काम उरकले. सकाळी आठला मंडळी कामावर आली तेव्हा इमारतीतल्या प्रत्येक कमोडोरवर ती धून वाजत होती. मानधनाचा चेक खिशात घालून दहाच्या सुमारास हबर्ड परतीच्या गाडीत बसलेही होते.

एका रात्रीत एवढे जमले याचे श्रेय जितके त्यांच्या हाताला, तितकेच त्यांनी आधीच लिहून ठेवलेल्या वादन-प्रोग्रॅमला. कमोडोर ६४ मध्ये ‘सिड’ ही ध्वनिचिप होती, क्रमांक ६५८१. ती बॉब यॅनिस यांनी रचली. पुढे हेच यॅनिस एन्सोनिक या सिंथेसायझर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले, यावरून त्यांचा ओढा कळतो. चिपला आवाज तीनच. प्रत्येकाला त्रिकोणी, करवती, पल्स आणि खरखर यांपैकी तरंग निवडता येई. शिवाय एक फिल्टर होता, पण तो प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा वागे, म्हणून अनेक संगीतकार त्याच्या वाटेला फारसे जात नसत.

तीन आवाजांत ढोल, खर्ज, सुरावट आणि भरणा बसवायचा म्हणजे एकाच आवाजाला अनेक कामांना जुंपणे आले. युरोपातल्या यंत्रांवर हबर्ड यांचा प्रोग्रॅम सेकंदाला ५० वेळा जागा होई आणि दर वेळी चिपला नवे आकडे देई. ढोलाचा ठोका हवा असेल तर आधी क्षणभर खरखर, लगेच वरून खाली कोसळणारा स्वर, आणि पुढच्या मात्रेला तोच आवाज पुन्हा खर्जाच्या कामावर हजर. स्वर आणि त्याच्याच वरच्या सप्तकातला स्वर इतक्या भराभर आलटूनपालटून वाजवायचा की कानाला त्यांचा एकच चकचकीत नाद वाटावा. पल्स तरंगाची रुंदी सतत हलती ठेवल्याने लांब स्वरही निर्जीव वाटत नसत. हे सारे पडद्यावर सुरावट मांडून नव्हे, तर अंकांच्या लांबलचक ओळी हाताने टंकून होत असे.

‘कमांडो’च्या मुख्य धुनीत कावामोतो यांची लष्करी चाल ओळखू येते, पण तिच्याखाली धावणारा खर्ज आणि मधले विस्तार हबर्ड यांचे आहेत. एलिटला काही तुकडे मूळ संगीताशी मिळतेजुळते हवे होते. उरलेल्यांत त्यांनी आपल्या मनासारखे केले. उधारीच्या चालीपेक्षा ही मोकळीकच जास्त कानात राहते.

१९८८ मध्ये हबर्ड इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेले. कमोडोरचे उत्पादन १९९४ मध्ये थांबले, तरी धून थांबली नाही. ‘प्रेस प्ले ऑन टेप’सारख्या डॅनिश बँडने गिटार आणि ड्रमवर कमोडोरचे संगीत मंचावर नेले. पन्नास हजारांहून अधिक सिड रचना जतन करणाऱ्या ‘हाय व्होल्टेज सिड कलेक्शन’मध्ये ‘कमांडो’ आहेच, आणि तीही ध्वनिमुद्रण म्हणून नव्हे, तर हबर्ड यांच्या मूळ वादन-प्रोग्रॅमसकट.