नावाआधीचे चिन्ह

संगणकाची भाषा शिकणारा विद्यार्थी पीएचपीपाशी आला की एका गोष्टीला अडखळतो. ज्या नावाखाली आपण एखादी माहिती साठवतो, त्याला व्हेरिएबल म्हणतात. पीएचपीत अशा प्रत्येक नावाआधी डॉलरचे चिन्ह द्यावे लागते आणि ते विसरले की प्रोग्राम अडतो. का, असे विचारले तर बहुतेकदा 'नियमच आहे' एवढेच उत्तर मिळते. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला मग वाटू लागते की हा प्रांत आपला नव्हे. खरे तर या चिन्हामागे मोठा इतिहास आहे, आणि तो समजायला गणितापेक्षा भाषेची जाण जास्त उपयोगी पडते.

१९५७ मध्ये आयबीएममधील जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट्रान ही भाषा आणली. तिच्यात वेगळे चिन्ह नव्हते, नावाचे पहिले अक्षरच खुणेचे काम करी. आय ते एन या सहा अक्षरांनी सुरू होणारे नाव पूर्णांकाचे, बाकीची दशांश संख्यांची. १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी बेसिक भाषा तयार केली. पुढे तिच्यात अक्षरी मजकूर साठवण्याची सोय झाली, तेव्हा अशा नावाच्या शेवटी डॉलर लावण्याची पद्धत पडली. दोन्हीकडे खूण एकच गोष्ट सांगत होती : आत कोणत्या प्रकारची माहिती आहे.

युनिक्समध्ये पेच निराळा होता. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचे शेल बाहेर आले. शेल म्हणजे संगणकाला हुकूम देण्याची जागा. तिथे फाइलींची नावे आणि साधे शब्द अवतरणचिन्हांशिवाय लिहितात. समजा, 'शहर' या नावाखाली आपण 'पुणे' साठवले आहे. आता 'शहर छाप' म्हटले तर संगणकाने काय छापावे? शेलचे उत्तर सरळ आहे. नुसते 'शहर' लिहिले तर तो शब्दच छापायचा. आधी डॉलर असेल तर त्या नावाखाली साठवलेले 'पुणे' छापायचे.

उर्दू वाचणाऱ्याला हा पेच नवा नाही. उर्दू लिपीत इंग्रजीसारखी मोठी अक्षरे नाहीत. 'दर्द', 'दाग', 'मोमिन' हे शब्दही आहेत आणि शायरांची तखल्लुसेही. म्हणून तखल्लुसावर एक छोटी खूण काढतात. ती दिसली की वाचणारा ओळखतो, इथे दुःखाची गोष्ट चाललेली नाही, शायराचे नाव आले आहे. शेलमधला डॉलर हेच काम करतो.

१९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी पर्ल ही भाषा तयार केली. त्यांचा अभ्यास भाषाशास्त्राचा होता, आणि तो पर्लमध्ये दिसतो. एका वस्तूसाठी डॉलर, यादीसाठी @ आणि जोड्यांच्या संग्रहासाठी %. गंमत म्हणजे यादीतला एकच घटक हवा असेल तर @ जाऊन तिथे डॉलर येतो. आपण 'ही मुले' म्हणतो, पण त्यांतल्या एकाला 'हा मुलगा' म्हणतो, तसेच. मात्र अनेकांचा यात गोंधळ होई. पर्लच्याच घराण्यातल्या राकू या भाषेत म्हणून चिन्ह कायम ठेवले गेले.

रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांपुढे ठेवलेल्या पीएचपीने पर्लकडून डॉलर तेवढा घेतला. वेबपान म्हणजे मुख्यतः मजकूर. त्या मजकुराच्या मधोमध नाव ओळखू यायला हवे. दुहेरी अवतरणात "नमस्कार $नाव" लिहिले की वाचकाचे खरे नाव तिथे येऊन बसते. आणखी एक फायदा असा की भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेला शब्दसुद्धा डॉलर लावून व्हेरिएबलचे नाव म्हणून वापरता येतो.

पायथन आणि जावास्क्रिप्ट या भाषांत असे चिन्ह सक्तीचे नाही. तिथे मजकूर अवतरणात ठेवावाच लागतो, त्यामुळे बाहेर राहिलेला शब्द मजकूर असूच शकत नाही. पण मजकुराच्या आत नाव घालायची वेळ आली तेव्हा त्यांनाही खूण लागलीच. जावास्क्रिप्टने २०१५ मध्ये डॉलर आणि महिरपी कंस घेतले, तर पायथनने २०१६ मध्ये महिरपी कंस.

म्हणून मुलांना नियमाबरोबर त्यामागचा प्रश्नही सांगावा : हा शब्द आहे की नाव? आपल्या मुलांना हा प्रश्न व्याकरणाच्या तासापासून ओळखीचा आहे. आणि पीएचपीत $नाव हे देवनागरीत लिहिले तरी चालते, उर्दू लिपीत लिहिले तरी चालते. पहिल्या तासाला तेवढेच करून दाखवले तरी मुलांची निम्मी भीती जाईल.