ज्याची समाधी नाही, त्याचं नाव तरी राहू द्या

बिरसीची धावपट्टी आपण सगळेच ओळखतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी ती बांधली. धावपट्टी आजही आहे. पण त्या युद्धात आपल्या गावांतून कोण गेलं, कोण परत आलंच नाही, हे विचारलं तर गावात सांगणारं कोणी सापडत नाही.

एक उदाहरण सांगतो. नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी बटालियन. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा पोरगा, वय अवघं बावीस.

१० जुलै १९४४. इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. शत्रूच्या मशीनगनने त्याच्या तुकडीतले सगळे मारले गेले नाहीतर जखमी झाले. उरला तो एकटाच. सोबत कोणी नाही हे माहीत असूनही तो सरळ मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. काडतुसं भरायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांशी भिडला. ठाणं जिंकलं आणि त्याच ठाण्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण मरणोत्तर.

एवढा मोठा वीर, पण त्याची समाधी कुठेच नाही. कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव कोरलंय. ज्यांचा अंत्यसंस्कार कुठे झाला हे कळलंच नाही, अशा चार हजारांहून जास्त सैनिकांची नावं तिथे आहेत. इटलीच्या त्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक गेले.

काही जण म्हणतील, "ते तर इंग्रजांसाठी लढले, त्यांचं काय कौतुक?" प्रश्न चुकीचा नाही. इथे 'चले जाव' पेटलेलं असताना ते परदेशी झेंड्याखाली लढत होते, हे खरंच आहे. पण युद्ध पुकारताना आपल्या लोकांना विचारलं कोणी होतं? आठवण ठेवायची ती साम्राज्याची नाही, घरी न परतलेल्या पोराची. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावाने घाडगेंच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. परक्या गावाला जे सुचलं, ते आपल्याला का सुचू नये?

दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांची नावं आहेत. त्याआधीच्यांची आपणच शोधायला पाहिजेत. काम अवघड नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नावं फुकट शोधता येतात. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही असतं. फक्त एक लक्षात ठेवा, तिथे 'गोंदिया जिल्हा' शोधू नका. आपला जिल्हा १ मे १९९९ चा. त्या काळी आपण भंडारा जिल्ह्यात, मध्य प्रांत व वऱ्हाडात होतो. घाडगेंचा रायगडसुद्धा तेव्हा कुलाबा होता. गावांच्या स्पेलिंगचाही घोळ असतो, म्हणून दोन-तीन प्रकारे लिहून बघा.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पेटीत एखादं पदक, पेन्शनचा कागद, जुना फोटो असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. नाव सापडलं तर ग्रामसभेत मांडा. शाळेच्या भिंतीवर एक पाटी लावायला फार खर्च येत नाही.

तुमच्या गावातलं कोणी आठवत असेल तर खाली लिहा. समाधी आपण देऊ शकत नाही, नाव तर देऊ शकतो.