ताडदेवचा मॉल आणि वेंगुर्ल्याची पेठ

मुंबईत ताडदेवला 1999 साली क्रॉसरोड्स मॉल उघडला. सुरुवातीला मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्याला आत जायला 60 रुपये पडत. पुढे नवे मॉल झाले, गिऱ्हाईक तिकडे वळलं. क्रॉसरोड्सचं सोबो सेंट्रल झालं आणि तेही ओस पडलं. त्यावर हळहळणारे लेख वाचताना मला वेंगुर्ल्याची पेठ आठवते.

सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली. 1812 मध्ये बंदर इंग्रजांकडे आलं. बेळगावकडचा माल बैलगाड्यांनी आंबोली घाट उतरायचा आणि गलबतांत चढायचा. 1880च्या दशकात कॅसलरॉकमार्गे मुरगाव बंदरापर्यंत रेल्वे झाली आणि घाटावरचा माल तिकडे वळला. पुढे मुंबईच्या आगबोटीही थांबल्या. महामार्ग कुडाळवरून गेला. 1998 साली पूर्ण झालेली कोकण रेल्वेही तिथूनच.

वाट वळली की बाजार उतरतो, मग तो मॉल असो वा पेठ. पण वेंगुर्ल्याचं बंदर मंदावलं तरी पेठ मिटली नाही. सकाळी मासळी येते, उन्हाळ्याच्या तोंडावर सुरंगीचे वळेसर येतात. आजूबाजूच्या गावांचं रोजचं अडतं ते इथेच. मॉलवर हळहळणाऱ्यांना मी हसत नाही. तिथे कुणाचं तरी तरुणपण गेलंय. पण आत शिरायला पैसे मागणाऱ्या बाजाराला गाव कधी लाभलंच नाही, आणि वाट वळल्यावर बाजाराला सावरतं ते गावच.