घाटाचे चाक

चाक म्हटले की डोळ्यांपुढे वेग उभा राहतो. चाक जेवढे मोठे तेवढी गाडी भरधाव, असा एक सोयीचा समज आपण लहानपणापासून बाळगून असतो. कर्जत-खालापूरच्या माणसाला मात्र हा समज फार काळ परवडत नाही. त्याच्या दारापुढेच सपाट कोकण संपते आणि बोरघाट उभा राहतो. या दोन तालुक्यांत गेली दोनशे वर्षे एकच प्रश्न फिरून फिरून विचारला गेला आहे: या वाटेला चाक केवढे लावावे? तो बैलगाडीवाल्याने विचारला, रेल्वेच्या इंजिनियरांनी विचारला, माथेरानवर गाडी नेणाऱ्या शेठजींनी विचारला, आणि आज नवी, जोरकस मोटार घेऊन खोपोलीच्या टायरवाल्यापुढे उभा असलेला तरुणही तोच विचारतो – “सोळाच्या रिमा काढून अठराच्या बसवू का?” त्याला उत्तर द्यायचे तर आधी थोडा इतिहास सांगायला हवा. शाळामास्तराला दुसरे येते तरी काय!

प्रारंभी या घाटाचे योग्य चाक म्हणजे चाकच नव्हे. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याची लेणी आहेत. ती खोदली गेली तेव्हापासून, म्हणजे दोन हजार वर्षे, कोकणातून देशावर जाणाऱ्या वाटा या डोंगरातून वाहत्या आहेत. पण त्या पायांच्या वाटा होत्या. वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ लादून वर जात आणि धान्य घेऊन खाली उतरत. मातबर माणसे पालखीत बसत, बाकीची चालत. घाट चढण्यापूर्वी वाटसरूंना विसावा मिळावा म्हणून नाना फडणविसांनी खोपोलीस तळे आणि महादेवाचे देऊळ बांधले. तळे आजही आहे. तिथे टेकलेल्या त्या काळच्या वाटसरूला चाकाची चिंता नव्हती.

घाटात चाक आले ते १८३० साली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत गाड्या जातील असा रस्ता तयार झाला. जाहिरातीमुळे पुढे ज्याला सारे जण अमृतांजन पूल म्हणू लागले तो दगडी पूल त्याच वर्षाचा. एप्रिल २०२० मध्ये तो पाडला तेव्हा एकशे नव्वद वर्षांचा साक्षीदार गेला. या रस्त्यावर जी बैलगाडी चढली तिचे चाक चांगले उंच असे, आणि ते डौलासाठी नव्हते. लहान चाक खड्ड्यात शिरते, मोठे चाक खड्ड्यावरून जाते. धोंडा आडवा आला तर लहान चाक त्यावर आपटते, मोठे हळूहळू चढते. सुताराने आरे बसवायचे, लोहाराने धाव तापवून लाल करायची, ती चाकावर चढवून वरून पाणी ओतायचे, म्हणजे लोखंड आवळून लाकडाला घट्ट धरते. वाट खडबडीत आणि चाल बैलांची. तेव्हा उंच चाक हेच शहाणपण होते. वेगाशी त्याचा संबंध नव्हता.

मग आगगाडी आली आणि हिशेब उलटला. १८५६ साली जी. आय. पी. रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली. १८५८ साली वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा राहिला! पाच वर्षे उतारू खोपोलीस उतरत, पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट चढत आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसत. मधल्या जागी लोहमार्ग बांधायचे काम १८५६ मध्येच सुरू झाले होते. जेम्स बर्कले हे मुख्य इंजिनियर. पहिल्या कंत्राटदाराने १८५९ साली काम सोडले. दुसरे, सॉलोमन ट्रेडवेल, त्याच साली हिंदुस्थानात आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट सोडले नाही. जाणती माणसे हाताशी धरून ते तडीस नेले. १८६१ साली या डोंगरावर ४२,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकीने आणि अपघाताने त्यांतले किती गेले याची पाटी कुठे लागली नाही. १८६३ साली गाडी घाटातून धावली: सुमारे १६ मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आणि सर्वांत कठीण जागी ३७ फुटांमागे एक फूट उंची.

या चढणीवर इंजिनाला चाक केवढे असावे? इथे शाळेत शिकलेली तरफ आठवावी. आसाला पीळ बसतो आणि चाकाच्या कडेला तो रुळावर ढकलण्याचा जोर होऊन उतरतो. चाक मोठे म्हणजे तरफेची भुजा लांब, आणि भुजा लांब म्हणजे कडेला मिळणारा जोर कमी. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, म्हणून सपाटीला ते वेग देते. चढणीवर मात्र तेच चाक दमते. म्हणून त्या काळी विलायतेत मेलगाड्यांची इंजिने पुरुषभर उंच चाकांवर पळत असताना घाटासाठी लहान चाकांची, पाण्याची टाकी अंगावरच घेतलेली इंजिने आणावी लागली. त्यांना रुळावर दाबून धरायचे वेगळे ब्रेकही होते. घाटाची खरी परीक्षा चढण्यात नसून उतरण्यात असते, हे त्या लोकांनी ओळखले होते. सुटलेली गाडी चढावर वळवून थोपवायच्या बाजूच्या लाइनी याच विचारातून घाटात आल्या.

चाक लहान करण्याची हद्द पाहायची तर नेरळला जावे. आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या खटपटीने १९०७ साली माथेरानची गाडी सुरू झाली. दोन रुळांतले अंतर अवघे दोन फूट, चढण वीस फुटांमागे एक फूट, आणि वळणे अशी की शेवटच्या डब्यातल्या मुलाने पुढच्या इंजिनाला हात करावा. जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कोप्पेल कारखान्याने यासाठी जी इंजिने दिली त्यांचे पुढचे आणि मागचे आस वळणावर बाजूला सरकत. चाके लहान, म्हणून आस जवळजवळ बसवता येत. आस जवळ, म्हणून गाडी वळे. त्या गाडीला ‘हळू’ म्हणून हसणारे पुष्कळ भेटतात. पण वेगवान मोटारीला आजही दस्तुरी नाक्यापाशी थांबावे लागते. पुढे तिला मज्जाव आहे. छोटी गाडी मात्र थेट गावात जाते.

या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा प्रसंग १९२८ ते १९३० या सालांतला आहे. घाटात वीज आली आणि एकाच मार्गासाठी रेल्वेने दोन जातींची इंजिने घेतली. एक मालगाडीचे: चाक सुमारे चार फुटांचे, शक्ती २,६०० अश्वशक्तीची, वेग ताशी पन्नास मैलांपर्यंत. त्याची चाके दांड्यांनी जोडलेली, नाकाडे लांब, आणि रेल्वेतल्या माणसांनी त्याला नाव दिले ‘खेकडा’. दुसरे मेलगाडीचे: चाक पाच फुटांहून मोठे, शक्ती २,१६० अश्वशक्तीची, म्हणजे कमीच, पण वेग ताशी सत्तरच्या घरात. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर आलेल्या दख्खनच्या राणीला ही मोठ्या चाकांची इंजिने लागली. आत दातेरी चक्रांचे प्रमाणही निराळे असे, पण मूळ तत्त्व तेच: राणीला पळायचे होते, खेकड्याला ओढायचे होते. आणि गंमत पाहा, पुढे वेगवान गाड्यांनाही घाट चढवताना मागून जोर द्यायला खेकडेच लावले जात. कर्जतला गाडी थांबे, मागे इंजिन जोडले जाई, आणि तेवढ्यात उतारू बटाटेवड्यांवर तुटून पडत. कर्जतच्या वड्याची कीर्ती या एका तांत्रिक अडचणीतून जन्मली आहे!

१० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. ती मागच्या इंजिनाशिवाय घाट चढते. तिने चाक लहान केले नाही की मोठे. जोर पुढच्या एका इंजिनात न ठेवता निम्म्या आसांना वाटून दिला. म्हणजे प्रश्न जुनाच, उत्तर नवे.

आता त्या तरुणाकडे वळू. खालापूर तालुक्यातून जाणारा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरा झाला आणि मोठ्या शक्तीच्या मोटारी आमच्या दारावरून धावू लागल्या. अशा मोटारीच्या टायरवर ‘२०५/५५ आर १६’ असे काही लिहिलेले असते. हे मॅट्रिकच्या पुढचे गणित नव्हे. २०५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ५५ म्हणजे टायरच्या रबरी भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, सुमारे ११३ मिलिमीटर. आणि १६ हा रिमेचा व्यास इंचांत. सगळे मिळून चाकाची उंची सुमारे ६३२ मिलिमीटर भरते. आता ‘२२५/४० आर १८’ घ्या. रिम दोन इंचांनी वाढली, पण भिंत ९० मिलिमीटरवर आली. एकूण उंची ६३७. म्हणजे रिम बदलली तरी चाक जवळजवळ तेवढेच राहिले. जाणते लोक असाच बदल करतात. गाडीच्या कारखान्याने मान्य केलेल्या मापांतले माप निवडायचे आणि एकूण उंची हलू द्यायची नाही. उंची पाच टक्क्यांनी वाढली तर काटा साठ दाखवील तेव्हा गाडी त्रेसष्टने धावत असेल. आणि तरफेच्या त्याच नियमाने ब्रेकची पकड तेवढीच ढिली पडेल.

मग मोठ्या रिमेत काहीच गुण नाही का? आहे. तिच्या पोटात मोठा ब्रेक मावतो, आणि आखूड भिंतीचा टायर वळणावर कमी डुलतो. पण किंमत मोजावी लागते. मोठी रिम बहुधा जड असते, आणि खड्ड्याचा धक्का सोसायला रबर थोडे उरते. शर्यतीच्या जगातही एकच उत्तर नाही. फॉर्म्युला वनच्या गाड्या दीर्घ काळ १३ इंचांच्या रिमांवर धावत. १८ इंचांच्या आल्या त्या २०२२ मध्ये. आणि १९६४ साली आल्प्सच्या घाटांतून जाणारी माँटे कार्लोची शर्यत मिनी कूपर नावाच्या चिमुकल्या मोटारीने जिंकली, तिची चाके होती अवघी १० इंचांची!

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, दिसायला रुबाबदार म्हणून, आपल्या गाडीला मापाबाहेरची मोठी चाके बसवली. श्रावणात खंडाळ्याहून जुन्या रस्त्याने उतरताना पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. टायरची भिंत फाटली, रिम वाकली आणि गाडी कठड्याला घासत थांबली. मागच्या बाकावर त्याची आई होती. कठड्यापलीकडे काय आहे ते या रस्त्याने गेलेल्या वाचकांना सांगायला नको. दोघे वाचली. ती माउली नंतर मला एवढेच म्हणाली, “गुरुजी, गाडी माझ्या लेकाने घेतली, चाकं मात्र लोकांच्या डोळ्यांनी निवडली.”

त्याच जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. दंतकथा अशी की साहेबांना घाटाची वाट सापडेना, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, आणि काम झाल्यावर त्याचाच जीव घेतला गेला. कथेत इतिहास किती ते असो. पण ज्याने मेंढरांमागे पायी फिरून डोंगराचा उतार ओळखला त्याची आठवण लोकांनी देव करून जपली, आणि आजही मोटारवाले तिथे नाणे टाकून पुढे जातात. इंजिनियरांनी, पीरभॉय शेठजींनी, खेकडा आणणाऱ्या रेल्वेनेही डोंगर आधी मोजला आणि चाक मागाहून ठरवले. यंदाच्या दिवाळीत आपल्यापैकी कितीतरी जण मुलाबाळांसह हा घाट चढतील, उतरतील. नव्या चाकांची हौस असेल त्यांनी ती जरूर करावी; मात्र दुकानात जाण्यापूर्वी आपण कुठल्या वाटेने आणि कुणाला घेऊन जाणार आहोत, एवढे मनाशी ठरवून जावे.